पावणेसहाचं जेवण

विद्याधर मगदूमचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कोणाला कळत नसे आणि बिघडलं तर सगळ्या जिल्ह्याला कळे. कोल्हापूरजवळच्या एका दूध संघात तो सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होता. पहाटे अकराशे गावांतून दूध निघायचं, चालकाविना धावणारे टँकर ते उचलायचे. कुठला टँकर कुठल्या गावाला जाणार, कुठल्या कॅनमधलं दूध नासलंय, हे ज्या यंत्रांवर ठरे ती सगळी विद्याधरच्या ताब्यात होती. वीस वर्षांत एकानेही त्याला फोन करून 'आज सगळं छान चाललंय हो' असं सांगितलं नव्हतं. फोन वाजला की समजायचं, कुठंतरी घोळ आहे.

असा माणूस घरी तरी गप्प बसेल? टाकी भरली की पंप आपोआप बंद, कढीलिंबाच्या कुंडीला वेळेवर पाणी, दारात कोण आलंय ते स्वयंपाकघरात सांगणारी घंटा. सगळे उद्योग जुन्या लॅपटॉपवर आणि भंगारातून उचललेल्या तारांवर चालत. एकदा कुठली तरी तार चुकली आणि दारावरची घंटा वाजली की गिझर सुरू व्हायला लागला. त्याच्या बायकोने, त्रिशलाने, ते महिनाभर दुरुस्त करू दिलं नाही.

"असू दे की रे," ती म्हणायची. "पाहुणा दारात आणि आंघोळीचं पाणी तयार. अशी सोय राजवाड्यात पण नसेल."

दोघं एकाच तंत्रनिकेतनात शिकलेली, त्यामुळे ती त्याला अरे-तुरे करी. ती शाळेत गणित शिकवायची. घराणं जैन. दिवस मावळल्यावर ती जेवत नसे. विद्याधरला धर्माचं फारसं काही पडलेलं नव्हतं, पण बायकोने एकटीने जेवावं हे त्याला पटत नसे. म्हणून तो रोज पावणेसहाला कचेरीतून मोटारसायकल काढायचा, चार किलोमीटर घरी यायचा, तिच्यासमोर बसून भाकरी-आमटी खायचा आणि साडेसहाला परत कामावर हजर व्हायचा. कचेरीत त्याची थट्टा होई. वरिष्ठांनी दोनदा लेखी विचारणा केली. त्याने दोन्ही वेळा लिहून दिलं, जेवायला घरी जातो. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. चुकलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच असतील.

तीन वर्षांपूर्वी त्रिशलाला मेंदूज्वर झाला. जिवावरचं दुखणं, त्यातून ती उठली, पण आठवण गेली. सकाळचं दुपारी आठवेना, लग्नाआधीचं-नंतरचं एकमेकांत मिसळलं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी विद्याधरला समोर बसवून समजावलं. आठवण मेंदूत एका जागी नसते. आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे, आमटीचा वास तिसरीकडे. कुठला आवाज कुठल्या चेहऱ्याचा आणि कुठल्या दिवसाचा, याची यादी ठेवणारा एक लहानसा भाग कानाच्या आत खोलवर असतो. ज्वरात तोच जळला होता. पुस्तकं कपाटात शाबूत होती, पण कुठलं कुठं आहे ते सांगणारी वही गेली होती.

वहीची जागा घेणारं यंत्र नुकतंच निघालं होतं. बोटाच्या पेराएवढी चकती कानामागे त्वचेखाली बसवायची. घडणाऱ्या प्रत्येक प्रसंगाची ती एक खूण तयार करी, आणि आठवायची वेळ आली की ती खूण पुढे करून मेंदूतले तुकडे एकत्र आणी. जुन्या दिवसांसाठी त्रिशलाला सहा आठवडे रोज यंत्राच्या देखरेखीखाली झोपवलं. झोपेत मेंदू जुने दिवस आपणहून घोळवत असतो, त्यातला एकेक पकडून त्याला नवी खूण दिली. चकतीत जागा थोडी, म्हणून खुणा बाहेर ठेवायच्या. पर्समध्ये मावेल अशी एक पेटी कायम जवळ, आणि मूळ प्रत कंपनीच्या यंत्रांवर. ती झोपली की दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या जात.

एक दिवस कंपनीच्या यंत्रांनी भलत्याच वेळी, भरदिवसा जुळवणी सुरू केली, मधेच ती अकरा मिनिटं बंद पडली आणि पेटीही गोंधळली. तेवढा वेळ त्रिशला मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी होती. आपण कोण, घर कुठं, काही सुधरेना. भाजीवालीने तिला पोत्यावर बसवून पाणी पाजलं. त्या दिवशी विद्याधरने ठरवलं, हे काम आता परक्याच्या हाती ठेवायचं नाही. रुग्णाच्या घरच्यांना खुणा स्वतःकडे ठेवायची कायद्याने मुभा होती. त्याने अर्ज केला, सगळ्या खुणा घरी आणल्या, कंपनीने नियमाप्रमाणे आपली प्रत नष्ट केली. जिन्याखाली दोन यंत्रं, दोन बॅटऱ्या, महिन्याला एकदा जादा प्रत एका डिस्कवर काढून कचेरीच्या खणात. कागदावर एक रकाना होता, 'ॲडमिन'. त्याने आपलं नाव घातलं. घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सगळ्यात जाणत्या माणसाकडे आहे, असं त्याला मनापासून वाटलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. त्रिशला पुन्हा शिकवण्या घेऊ लागली. मग श्रावणात जिन्याखालच्या यंत्राने इशारा दिला, डिस्क ऐंशी टक्के भरली. हा आकडा बघून ॲडमिनच्या अंगावर काटा येतो. डिस्क पूर्ण भरली असती तर नव्या खुणा लिहायला जागाच उरली नसती, म्हणजे त्रिशलाचा आजचा दिवस आजच गेला असता. नवी डिस्क यायला तीन आठवडे लागणार होते. तसा आणखी महिनाभर निभाव लागला असता. पण ऐंशी झाले की साफसफाई, ही वीस वर्षांची सवय होती.

संघात यावर ठरलेला उपाय होता. आवारातले कॅमेरे दिवसभर चित्रण करतात, आणि त्यातले आठ-आठ तास म्हणजे रिकामं आवार, तोच टँकर, तोच कुत्रा. यंत्राला सांगायचं, पंच्याण्णव टक्के सारखं असेल ते डुप्लिकेट समज, एक नमुना ठेव, बाकीचं काढून टाक. सत्तर टक्के जागा मोकळी व्हायची. विद्याधरने तीच आज्ञावली घरी आणली. रोज आपोआप चालेल अशी लावली. पंच्याण्णवचा आकडासुद्धा तसाच ठेवला.

निष्काळजी मात्र तो नव्हता. काम झाल्यावर त्याने तपासणी केली. चहा घेता घेता त्रिशलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, लग्नात पंगतीला काय होतं? शाळेतला पहिला दिवस? अण्णा, म्हणजे तिचे वडील, गेले तो दिवस? तिने एकेक बारकावा सांगितला. पंगतीतली पुरणपोळी कुणाच्या पानातून खाली पडली तेसुद्धा. विद्याधरने वहीत लिहिलं, 'तपासणी यशस्वी'. माणूस बायकोची आठवण तपासायला बसला की असे ठळक दिवसच विचारणार. बुधवारच्या आमटीबद्दल कोण विचारतो?

दोनेक आठवड्यांनी ती त्याला 'तुम्ही' म्हणाली. त्याला वाटलं, चेष्टा करतेय.

"तुम्ही चहात साखर घेता का?"

"आता काय नव्याने सांगायचं होय? घालू नको."

तिने कपाकडे बघितलं. साखर घातलेली नव्हतीच. हाताच्या सवयी मेंदूत वेगळ्या जागी राहतात, त्यांना खुणा लागत नाहीत. तिच्या हातांना तो ठाऊक होता. तिला नव्हता. आपल्याच हातांनी हे कसं केलं याचं नवल करत ती उभी राहिली, आणि विद्याधर पेपर वाचत राहिला.

मग ती जेवताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. एकदा ताट धुवायला उचलताना त्याचा हात जरा जोरात वर गेला, तर तिने चटकन डोक्यावर हात धरला. त्याला काही कळेना. त्याने शिकवण्यांच्या ताणाला, हवापाण्याला, वयाला बोल लावला.

एकेचाळिसाव्या दिवशी तो पावणेसहाला दारात उभा राहिला आणि ती दचकली.

"आज कसं काय आलात? कुठं काही झालं का?"

"रोज येतो की जेवायला."

"रोज?" तिने पोळपाट बाजूला सारला. "तुम्ही एकदाच आला होता. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात. त्यानंतर मी एकटीच जेवलेली आठवतीया मला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवस मावळेपर्यंत थांबले आणि उपाशी झोपले. अण्णा गेले त्या दिवशी तुमची यंत्रं बंद पडली होती, तुम्ही अग्नी दिल्यावर आलात. आपलं मूल गेलं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही फोनवर टँकरचे नंबर सांगत होता. आणि ते ताट. भिंतीला आमटी लागली होती, मी पुसली."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ताट त्याने एकदाच फेकलं होतं, एकोणीस वर्षांत एकदा, आणि त्यानंतर चार दिवस त्याला स्वतःच्या हाताची किळस आली होती. विद्याधर जिन्याखाली गेला. आकडे पडद्यावर आले. पावणेसहाची जेवणं मूळ पाच हजार आठशेच्या वर. ठेवलेला नमुना एक. सकाळचे चहा, एक. तिच्या गाडीत हवा भरून देणं, एक. आजारपणात उशाशी बसून काढलेल्या चाळीस दुपारी, एक. वेगळे म्हणून वाचले होते ते भांडणाचे, मरणाचे, उशिराचे दिवस. सणसमारंभ आणि सहली त्यांनी फारशा केल्याच नव्हत्या. त्याचं सगळं प्रेम रोजचं होतं, आणि रोजचं ते यंत्राच्या लेखी एकदाच घडलं होतं.

त्याने ती आज्ञावली तिथल्या तिथे बंद केली. मोटारसायकल काढून तो कचेरीत गेला. खणातली डिस्क श्रावणाआधीची होती; साफसफाईच्या नादात त्यानंतरची प्रत काढायची राहून गेली होती. शाबूत. त्याला रस्त्यातच रडू आलं. ती झोपेत असताना वीस मिनिटं डिस्क जोडली की सगळ्या खुणा परत जागेवर बसणार होत्या.

तो तसाच घरी येऊन ती झोपायची वाट बघत राहिला असता तर ही कथा इथंच संपली असती. पण चांगल्या ॲडमिनचा एक नियम असतो: ज्याचं यंत्र आहे त्याला सांगितल्याशिवाय आणि त्याची संमती घेतल्याशिवाय चालू यंत्रात बदल करायचा नाही. विद्याधरने हा नियम आयुष्यभर पाळला होता. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशलाला समोर बसवलं, झालेली चूक सांगितली, डिस्क टेबलावर ठेवली, आणि परवानगी मागितली.

तिने सगळं ऐकून घेतलं. वर्गात मुलाने मांडलेलं गणित तपासावं तसं.

"म्हणजे ह्या डिस्कमध्ये तुम्ही चांगले आहात."

"मी नाही गं. दिवस आहेत. तुझेच दिवस."

"माझेच, हे कशावरून?"

"प्रत्येक खुणेला एक आकडा असतो. खूण एवढीशी जरी बदलली तरी आकडा बदलतो. ते सगळे जुळतात, मी बघितलं."

"आकडे कुणी काढले?"

"मी."

"जुळवून कुणी बघितले?"

"मीच."

"काढताना मला विचारलं होतं?" ती म्हणाली.

"नाही. ती नुसती साफसफाई होती, मला वाटलं..."

"आणि घालताना विचारताय." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या जागी बसून बघा. मला एक माणूस आठवतोय, तो वेळेला कधी आला नाही, त्याने ताट फेकलं. माझ्या डोक्याची किल्ली त्याच्याकडे आहे. तो म्हणतोय, मी फार चांगला आहे, फक्त मला तुझ्या डोक्यात तसं लिहू दे. काय करावं हो मी?"

"माझ्यावर विश्वास ठेव."

"ठेवला तर डिस्क लावून घेईन की. पण विश्वास ठेवायला जे लागतं ते त्या डिस्कमध्येच आहे म्हणताय." ती हसली, मुलाचं उत्तर चुकलं की हसायची तशी. "हे गणित सुटत नाही. नको मला ती डिस्क."

तिचं चुकत नव्हतं. खरं कोण बोलतंय हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि नेमकी त्याचीच साक्ष बाद होती. त्याने तिला फोटो दाखवले. फोटोही सणावारीचेच होते. शेजारच्या काकूंना बोलावलं, त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्यावर जीव आहे त्याचा." त्रिशलाने मान हलवली आणि काकू गेल्यावर विचारलं, "यांना काय सांगून आणलंत?"

दोन दिवसांनी हुपरीहून तिच्या धाकट्या भावाचा, भरतेशचा, फोन आला.

"दाजी, अक्का रडालीया. काय केलाय काय तुम्ही?"

विद्याधरने अर्धा तास सगळं समजावून सांगितलं.

"मला त्यातलं काय कळत न्हाई," भरतेश म्हणाला. "तिला तुमचं भ्या वाटालंय, तेवढं कळतंय. रविवारी चारला येतो तिला न्यायला."

रविवारी दुपारी बॅग भरून ठेवून त्रिशला आतल्या खोलीत आडवी झाली. रात्री झोप लागत नव्हती, त्यामुळे तिला लगेच डोळा लागला. पेटी जिन्याखाली चार्ज व्हायला लावलेली. अडीच वाजले होते.

विद्याधरने डिस्क आणून जोडली. हिरवा दिवा लुकलुकू लागला. त्याने आज्ञा टाइप केली. एक बटण दाबायचं राहिलं. दाबलं असतं तर तीनच्या आत पाच हजार आठशे जेवणं तिच्याकडे परत गेली असती. चारला भरतेश आला असता आणि त्रिशलाने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. तिने नको म्हटलेलं असताना त्याने हे केलं, हेही तिला आठवलं असतं, पण ती रागावली नसती. तिने माफ केलं असतं. ती माफीसुद्धा त्यानेच घातलेली असती. यापुढे ती जे जे गोड बोलेल त्यातलं तिचं किती आणि आपलं किती, हे त्याला जन्मभर सांगता आलं नसतं. आणि तिने स्पष्ट शब्दांत 'नको' म्हटलं होतं. डिस्कमधल्या विद्याधरला ती ओळखत नव्हती, पण 'नको' म्हणणारी त्रिशला खरीखुरी तीच होती.

कितीतरी वेळ तो बटणावर बोट ठेवून बसला. मग त्याने हात मागे घेतला. त्याच्या मनाला इतकं जड आजवर काही झालं नव्हतं. लिहिलेली आज्ञा तो शेवटाकडून एकेक अक्षर खोडत निघाला.

"काय करताय?"

त्रिशला जिन्यापाशी उभी होती. लुकलुकणारा दिवा, तिची पेटी, डिस्क, आणि त्याची कळफलकावरची बोटं, सगळं तिच्या नजरेच्या टप्प्यात होतं.

"पुसतोय," तो म्हणाला.

तोंडातून शब्द गेला आणि त्याला कळलं की आपण काय बोललो. तिने दोन्ही हातांनी कानामागची जागा दाबून धरली.

"काय काय पुसलंत?"

"नाही, नाही, तुझं काही नाही! ही आज्ञा. मी लिहिली होती ती पुसत होतो. लावणार नव्हतो मी, थांबलो, बघ, अर्धी राहिलीय..." तो उठून तिच्याकडे निघाला. ती दोन पावलं मागे सरकली, तशी तो जागीच थांबला.

"अण्णांचं नाव पार्श्वनाथ," ती स्वतःशी पुटपुटू लागली. "आईचं पद्मावती. शाळेचं फाटक निळं. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद. अठराचा तीनशे चोवीस..." आपल्याकडे काय शिल्लक आहे ते ती चाचपून बघत होती. तो ऐकत उभा राहिला. दिलासा द्यायला त्याच्याकडे एकही वाक्य असं नव्हतं, जे लबाड माणसाने बोललं नसतं.

भरतेश चारला पाच मिनिटं असताना आला. त्रिशलाने स्वतःच्या हाताने पेटी काढून पर्समध्ये ठेवली. तार ओढून डिस्क भावाच्या हातात दिली.

"ह्यात काय आहे मला ठाऊक नाही. ह्यांच्यापाशी नको. पण टाकून पण देऊ नकोस."

"आणि पासवर्ड द्या, दाजी," भरतेश खाली बघत म्हणाला. त्याला या सगळ्याचा फार संकोच वाटत होता.

विद्याधरने तो कागदावर लिहून दिला. ॲडमिनच्या रकान्यात भरतेशचं नाव घातलं, स्वतःचं काढलं आणि जिन्याखालची यंत्रं सोडवून गाडीत ठेवली. भरतेशला जुळवणी कशी करायची ते त्याने सावकाश, दोनदा सांगितलं, बॅटरी कधी बदलायची तेही. भरतेशने सगळं मोबाइलवर लिहून घेतलं.

गाडीत बसण्याआधी त्रिशला फाटकापाशी थांबली.

"एवढी वर्षं काय झालं ते मला नीट कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं असेल पण. पण आज जे बघितलं ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आजचं मी विसरणार नाही."

गाडी वळेपर्यंत विद्याधर फाटक धरून उभा होता. ती विसरणार नाही, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. एकोणीस वर्षांत असा दुसरा दिवस त्यांच्याकडे नव्हता, आणि जगातल्या कुठल्याच यंत्राने तो डुप्लिकेट म्हणून काढला नसता.